फुकटची गाडी केवढ्याला?

"गाडी नुसती उभी आहे, घेऊन जा. पैशांचं काही नको." आपल्या घरांतून हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच. कधी मामूंची स्कूटर असते, कधी आखातात गेलेल्या भावाची मोटरसायकल, कधी मरहूम सासऱ्यांची कार. देणाऱ्याची नियत साफ असते. घेणाऱ्यालाही वाटतं, चार-पाच हजार घालू आणि चालू करू. या महिन्याच्या सदरात आम्ही हाच विषय घेतला आहे, कारण आमच्या शेजारच्या घरात तो नुकताच घडला आणि हिशेब मांडायला आम्हाला बसवलं गेलं. शिक्षक म्हटलं की लोक अर्जापासून आजारपणापर्यंत सगळंच घेऊन येतात.

शेजारचा हा तरुण एका खाजगी संस्थेत कारकून आहे. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यावं लागतं, अंतर चोवीस किलोमीटर. गावातल्याच एका गाडीवाल्याशी ठरलेलं आहे: सकाळी नेणं, चार-पाच तास थांबणं आणि परत आणणं, एका फेरीचे ९०० रुपये. महिन्याला आठ-नऊ फेऱ्या धरल्या तर साडेसात-आठ हजार रुपये नुसते येण्याजाण्यात जातात. इकडे सांगलीला त्याच्या फुफीच्या दारात फुफाजींची मारुती ८०० उभी, २००९ ची. फुफाजींच्या इंतकालाला चार वर्षं झाली, तेव्हापासून तिचं चाक हललेलं नाही. फुफी म्हणाली, "बेटा, तुझ्या अब्बांच्या कामी येऊ दे. माझ्या दारात सडून काय उपयोग?"

तो आमच्याकडे आला तेव्हा टोचन लावून आणणाऱ्याशी त्याचं बोलणंही झालं होतं, तीन हजारांत. त्याचा प्रश्न एवढाच होता की गाडी चालू होईल का. आम्ही म्हटलं, चालू तर कुठलीही गाडी होते, पैसे घातले की. तुला विचारायचं आहे ते वेगळंच. आधी जाऊन बघू.

जाण्याआधी एक गोष्ट मात्र घरात बसूनच ठरवायची होती. गाडी कोणाची? आरसी फुफाजींच्या नावावर. माणूस गेला की त्याच्या वस्तू वारसांच्या होतात, त्यात कारही आली. फुफाजींच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. शरीअतप्रमाणे मुलं असताना पत्नीचा हिस्सा आठवा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे आणि प्रत्येक मुलीला एक. म्हणजे फुफी मनापासून देत असली तरी त्या गाडीतला आठवा हिस्साच तिला एकटीला देता येतो. बाकीच्यांनी खुशीने हो म्हटलं पाहिजे, आणि "अम्मीने सांगितलं म्हणून गप्प बसलो" याला खुशी म्हणत नाहीत. आरटीओलाही हेच हवं असतं, भाषा फक्त वेगळी. मालक मरण पावला की वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. भाचा वारस नाही. त्यामुळे गाडी आधी फुफीच्या नावावर येणार, मग फॉर्म २९ आणि ३० भरून भाच्याच्या. दोन वेळा फी, दोन वेळा सह्या, आणि मुलगा कतारला. फुफीच्या घरी चार वर्षांत यातलं काहीच झालेलं नव्हतं. घरात मय्यत झालेली असताना गाडीच्या कागदांची आठवण कोणाला होते?

तरुणाने मुलाला आणि दोन्ही मुलींना स्वतः फोन केले. तिघांनीही हो म्हटलं. मोठीचा नवरा फोनवर आला आणि त्याने दोन-चार प्रश्न विचारले. तो कवठेमहांकाळकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

मग एका रविवारी आम्ही गावातल्या एका जुन्या उस्तादांना घेऊन सांगलीला गेलो. त्यांना ५०० रुपये बघण्याचे दिले आणि आधीच सांगितलं, काम निघालं तरी ते तुमच्याकडे येणार नाही, नुसतं खरं सांगा. ज्याला काम मिळणार तोच गाडी तपासत असेल तर "होऊन जाईल" हे उत्तर ठरलेलं असतं. उस्ताद हसले, पण पैसे खिशात ठेवले आणि दीड तास गाडीखाली होते.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे तरुणाच्या हातातली बॅटरी बाजूला ठेवायला लावली. तो शेजाऱ्याची बॅटरी मागून घेऊन आला होता, सेल्फ मारून बघायला. बहुतेक जण हेच करतात आणि इथेच नुकसान होतं. चार वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगांना गंज धरलेला असतो. तसाच सेल्फ मारला तर भिंतीवर ओरखडे पडतात. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते पुढे ढकललं जाऊन इंजेक्टर चोंदतात. उस्तादांनी तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडलं, तासभर थांबले आणि मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने इंजिन फिरवून बघितलं. सुरुवातीला अडलं, मग फिरलं. "जाम नाही," म्हणाले. तरुणाचा चेहरा उजळला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ऑइलची पट्टी काढून बघितली: काळं, पण दुधट नाही. दुधाच्या चहासारखा रंग असता तर ऑइलमध्ये पाणी गेलं, असं समजायचं.

मग ते गाडीखाली शिरले. इथे त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो का, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिन, क्लच, ब्रेक हे सगळं सुटं असतं, बदलता येतं. पत्रा सडला की गाडीचा सांगाडाच गेला. मारुती ८०० सारख्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा डबाच सगळं वजन पेलतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते ठिकठिकाणी दाबून बघत होते: दरवाज्याखालच्या पट्ट्या, चाकांच्या वरचा भाग, सस्पेंशन जिथे बसतं त्या जागा. टोक आत गेलं की तो पत्रा नाही, रंगाखालचा गंज. तिथे वेल्डिंगही धरत नाही. या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली वीतभर जागा सडली होती, बाकी शाबूत. खालून डांबरासारखा लेप फुफाजींनी करून घेतलेला होता. माणूस नीटनेटका होता, अल्लाह त्यांची मगफिरत करो.

सांगलीची गाडी म्हटल्यावर पुराचं बघावंच लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. कोल्हापूर आणि चिपळूणकडच्या गाड्यांनाही हेच लागू. फुफी म्हणाली, आपल्या गल्लीपर्यंत पाणी आलं नव्हतं. तरीही उस्तादांनी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला. पट्टा बाहेरून धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ तशीच राहते. खालचा गालिचा उचलला, सीटच्या रुळांवरचा गंज बघितला, दिव्यांच्या काचेत आतून डाग आहेत का तेही बघितलं. पाणी गेलेलं नव्हतं. उंदीर मात्र गेले होते. बॉनेटखाली घरटं आणि वायरिंगचे तुकडे.

टायर वरून नवे दिसत होते, नक्षी शिल्लक होती. पण टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे २३१६ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. इतका जुना, त्यात चार वर्षं एकाच जागी भार घेऊन बसलेला टायर हमरस्त्यावर फुटू शकतो. मागचे ब्रेक हँडब्रेक ओढलेला राहिल्याने ड्रमला चिकटले होते.

उस्तादांनी सांगितलेले आकडे आम्ही वहीत लिहिले. चार टायर ११,०००. बॅटरी ३,८००. चारही चाकांचे ब्रेक आणि पाइप ६,५००. टाकी उतरवून साफ करणं, पंप, इंजेक्टर ७,५००. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि बाकी पट्टे ४,०००. बेल्ट वरून चांगला दिसला तरी वयानेच बदलायचा, तो तुटला की गाडी आहे तिथे बंद. क्लच ५,२००. ऑइल, कूलंट, रबरी नळ्या ३,५००. वायरिंग ३,०००. पायाखालचा पत्रा २,५००. बेरीज ४७,०००. "आणि उघडल्यावर जे निघेल ते वेगळं," असं म्हणून त्यांनी चौथा हिस्सा आणखी धरायला सांगितला. ५९,००० च्या आसपास.

तरुण म्हणाला, "सर, नवी गाडी चार-पाच लाखांना येते. त्यापुढे हे काय आहे?" ही तुलनाच चुकीची आहे, पण फसवी आहे खरी. पंधरा वर्षांच्या गाडीत ६० हजार घातले तरी ती पंधरा वर्षांचीच राहते. तिची तुलना नव्या गाडीशी करायची नाही, तिच्याच वयाच्या चालत्या गाडीशी करायची. परतताना आम्ही मिरज रस्त्याला जुन्या गाड्यांच्या एका बाजारात थांबलो. तिथे २०१० ची मारुती ८०० उभी होती, चालू, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग झालेली, विमा असलेली. मालक ६५ मागत होता, ६० ला दिली असती.

आणि कागदांचा खर्च तर अजून धरलेलाच नव्हता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीची मुदत संपून सतरा महिने झाले होते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आहे. वीस वर्षं ओलांडलेल्या कारला २०२५ च्या ऑगस्टपासून १०,०००. उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा, असं नियमात आहे. सतरा महिन्यांचे ८,५००. म्हणजे दारात नुसती उभी असतानाही ही गाडी दरमहा ५०० रुपये खात होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. उच्च सुरक्षा नंबरप्लेट ७४५ रुपये अधिक जीएसटी. हजार सीसीच्या आतल्या कारचा नुसता थर्ड पार्टी विमा, जून २०२२ च्या दराने, २,०९४ अधिक जीएसटी. हे सगळं मिळून १६,८५० झाले. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी आणि दोन वेळा नाव बदलण्याची फी. वीस हजार धरून चाला.

यात एक मेख आहे, ती फार कमी लोक लक्षात घेतात. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधी घालायचे आणि पास-नापास नंतर कळणार. तोपर्यंत ती रस्त्यावर चालवायची नाही. "दोन-चार फेऱ्या मारून घेऊ, कोण बघतंय," असं म्हणणारे बरेच भेटतात. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे तर आहेच. पण खरी भीती दंडाची नाही. कोणाला धक्का लागला, कोणी जखमी झालं, तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, घर देणार. कारकुनाच्या पगारातून ती आयुष्यभर फिटत नाही.

टोचनसकट सगळं धरून आकडा ८२,००० वर गेला. शेजारीच ६० हजारांची चालती गाडी. इथे हिशेब संपायला हवा होता. पण तरुण गप्प बसून राहिला आणि मग म्हणाला, "सर, गाडीवाल्याला महिन्याला आठ हजार देतो. एवढे घातले तरी वर्षभरात निघतील." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या फेरीला पेट्रोल साडेतीनशेचं धरलं तर फेरीमागे साडेपाचशे वाचतात, महिन्याला पाच हजारांच्या आत-बाहेर. ८२ हजार फिटायला सतरा महिने, ६० हजारांची चालती घेतली तर वर्ष.

आम्ही विचारलं, चालवणार कोण?

तो चालवणार होता. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सातपासून दुपारपर्यंत. त्याच्या नोकरीत रजेचे पैसे कापले जातात. महिन्याला आठ-नऊ दिवस कापले गेले तर पगाराचा जवळजवळ तिसरा भाग गेला. रोजंदारीवर ड्रायव्हर ठेवला तर तो निदान ५०० घेणार, म्हणजे वाचलेले साडेपाचशे तिथेच संपले. ९०० रुपयांत त्याला नुसती गाडी मिळत नव्हती. चालवणारा माणूस, थांबण्याचे पाच तास, पंक्चर आणि बिघाडाची जबाबदारी, आणि गाडीवाल्याची आपली बंद पडली तर दुसरी पाठवण्याची हमी, हे सगळं त्यात होतं. डायलिसिसच्या माणसाची फेरी चुकवून चालत नाही. पावसाळ्यात सकाळी सातला सेल्फ लागला नाही तर त्या घराने काय करायचं? हौसेची गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहू शकते. ही राहू शकत नव्हती.

त्याच्या अम्मी आतापर्यंत दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग ननंदेला काय सांगायचं?" आमच्या मते सगळ्यात अवघड भाग हाच होता. फुफीने गाडी दिली नव्हती, फुफाजींची आठवण दिली होती. ती "खर्च जास्त आहे" म्हणून फोनवर नाकारली तर नात्यात गाठ बसते. आम्ही सुचवलं, वही घेऊन जा आणि तिच्यासमोर बसून आकडे वाच. तो गेला. फुफीने सगळं ऐकलं, चहा दिला आणि विचारलं, "दर महिन्याला पाचशे? मला कोणी सांगितलं का नाही?" मग तिनेच मोठ्या जावयाला फोन लावला.

जावई गाडी घेऊन गेला. त्याचा हिशेब वेगळा निघाला आणि तोही खराच आहे. मजुरी त्याची स्वतःची, ब्रेक आणि टाकीचं काम तो रविवारी करणार, टायर ओळखीतून जुने पण अलीकडच्या तारखेचे मिळणार. त्याची बायको वारस असल्याने फॉर्म ३१ वरच काम होणार, दुसऱ्यांदा नाव बदलायला नको. भाऊ, बहीण आणि अम्मीच्या हिश्शांची भंगारभावाने किंमत धरून ती द्यायचं त्याने कबूल केलं. त्याला गाडीची घाई नाही. सहा महिने लागले तरी त्याचं अडणार नाही. ज्या गाडीला आम्ही एका घरात नको म्हटलं, तीच दुसऱ्या घरात घेण्यासारखी होती.

सगळ्याच फुकटच्या गाड्या नाकाराव्यात असं आमचं म्हणणं नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंना भावाने २०१४ ची स्कूटर दिली, दोन वर्षं बंद असलेली. भाऊ हयात, आरसी २०२९ पर्यंत चालू, कर्ज नाही, ऑनलाइन बघितलं तर एकच चलन बाकी. टाकी आणि कार्बोरेटर साफ, बॅटरी, दोन टायर, ब्रेक शू आणि ऑइल मिळून साडेसात हजार लागले. तशी चालती स्कूटर तीसच्या खाली मिळत नव्हती. बाईंनी अर्ध्या तासात निर्णय घेतला आणि आता रोज तिच्यावर येतात. स्कूटरचं काम लहान, भाग सगळीकडे मिळतात, पत्र्यावर भार नसतो. मात्र बाकी चलनं आणि बँकेचा बोजा दोन्ही ठिकाणी आधी बघायचे. कर्ज फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा काढलेला नसतो, आणि तो काढायला मूळ मालकच लागतो.

आणि जी कोणालाच परवडत नाही ती गाडी? दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. आरसी रद्द झाल्याशिवाय कागदावर ती तुमचीच राहते, तिचा कोणी पुढे गैरवापर केला तर पोलीस तुमच्या पत्त्यावर येतात. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ते गाडीच्या वजनाप्रमाणे पैसे देतात आणि ठेव प्रमाणपत्रही देतात. ते दाखवून नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. तिथेही वारसांच्या सह्या लागतातच.

एक सोय अजून बऱ्याच घरांना माहीत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं, परिवहनच्या संकेतस्थळावरूनही. मालकाच्या पश्चात गाडी त्या नावावर करणं बरंच सोपं जातं. घरात जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्यांच्या आरसी एकदा काढून बघा: मुदत कधी संपते आणि नॉमिनीचा रकाना भरलेला आहे का. आम्ही आमची काढली. २०२८ पर्यंत आहे.